मुलांना हवामान शिकवायचं तर सुरुवात वादळापासून करावी की थर्मामीटरपासून?

निळाई
नमस्कार मंडळी. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. यंदा शाळेने हवामान या विषयासाठी मला दहा तास मोकळे दिले आहेत. आठवड्याला एक तास, परीक्षा नाही, गुण नाहीत. हवं तसं शिकवा म्हणाले. इतकं स्वातंत्र्य मिळाल्यावर खूप आनंद झाला आणि लगेच पेच पडला.

सहकारी म्हणतात, पहिल्याच तासाला चक्रीवादळं आणि टोर्नेडोचे व्हिडिओ लाव, वर्ग आपोआप हातात येईल. मला ते पटत नाही. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "ढग एकमेकांवर आपटतात म्हणून गडगडतं ना?" वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी माना डोलावल्या. याच मुलांना टोर्नेडोच्या सगळ्या श्रेणी तोंडपाठ होत्या! व्हिडिओ पाहून डोळे विस्फारतात, पण डोक्यावरचं आकाश न पाहिलेलंच राहतं, असं मला वाटतं.

तुम्ही कुठून सुरुवात कराल? काय करून पाहिलं आहे, काय फसलं, तेही सांगा.

रिकामी_बाटली
वादळापासून. बिनधास्त. आधी भूक लागू दे, मग ताट वाढा.

जुनी_वही
ताई, मी एकतीस वर्षं हवामान वेधशाळेत निरीक्षक होतो. निवृत्तीनंतर अधूनमधून शाळांमध्ये जातो. माझं मत अगदी उलट आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलांना पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारा: आत्ता तापमान किती? कोणी थर्मामीटर उन्हात धरेल, कोणी भिंतीला टेकवेल, कोणी मुठीत. दहा जणांचे दहा आकडे येतील. मग विचारा, खरा कोणता? यातूनच स्टीव्हन्सन पेटीची गोष्ट निघते. दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात ही पांढरी, झडपांच्या भिंतींची पेटी तयार केली. वारा आत खेळतो, ऊन आत जात नाही, पेटी जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंच असते आणि उत्तर गोलार्धात तिचं दार उत्तरेकडे उघडतात, म्हणजे वाचन घेताना उपकरणांवर ऊन पडत नाही. हवेचं तापमान म्हणजे सावलीतल्या हवेचं तापमान, ही एवढीशी गोष्ट कळायला मुलांना एक तास लागतो आणि तो तास वाया जात नाही.

दुसरं, वही. रोज ठरलेल्या वेळी तापमान, वाऱ्याची दिशा आणि ढग. आकाशाचे मनाने आठ भाग करायचे आणि किती भाग झाकलेत ते लिहायचं, जगभर निरीक्षक असंच करतात. ढगांची नावं मुलांना अवघड जातील ही भीती सोडून द्या. औषधनिर्मितीचा व्यवसाय करणाऱ्या ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ साली ढगांना लॅटिन नावं सुचवली, ती आजही चालतात. सिरस म्हणजे केसांच्या बटेसारखे, क्युम्युलस म्हणजे ढिगासारखे, स्ट्रेटस म्हणजे थरासारखे. ही तीन आली की बाकीची जोडून तयार होतात.

आणि एक नियम पहिल्या दिवसापासून पाळायला लावा. नोंद चुकली तर चौकट रिकामी ठेवायची. अंदाजाने भरायची नाही. माझ्या नोकरीत मी सर्वांत जास्त भांडलो असेन तर याच एका गोष्टीवरून.

आभाळवेडी
वाचनखूण साठवली. रिकाम्या चौकटीबद्दल शंभर टक्के सहमत.

भौतिकवेडा
जुनी_वही यांच्याबद्दल आदर आहे, पण तेरा वर्षांच्या मुलाला पहिल्या तासाला पेटीच्या झडपा दाखवल्या तर दुसऱ्या तासाला तो खिडकीबाहेर बघत बसेल. (हवामानाच्या तासाला ते चालेलही म्हणा.)

माझा अनुभव: वादळ दाखवा, पण व्हिडिओत नाही, आकड्यांत. मी फळ्यावर एक गणित घालतो. एक चौरस किलोमीटरवर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती? एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. मुलं शून्यं मोजत मोजत एक कोटी लिटरला पोचतात, तिथेच गलका होतो. मग सांगतो, एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे पंचवीस लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. गुणाकार करा आणि विजेच्या युनिटमध्ये आणा. उत्तर येतं जवळजवळ सत्तर लाख युनिट. फक्त एका चौरस किलोमीटरवरच्या एका सरीतून!

ही उष्णता ढगाच्या आतच सुटते, म्हणून आतली हवा भोवतालच्या हवेपेक्षा गरम राहते आणि आणखी वर चढते. गारांचं वादळ, विजा, चक्रीवादळ, सगळ्यांचं इंधन हेच. हे एकदा कळलं की "चक्रीवादळाला समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंश तरी गरम का लागतं" आणि "जमिनीवर आल्यावर ते का विझतं" हे मुलं स्वतः सांगतात.

तिसरा_मजला
मी शिक्षक नाही, बाप आहे. बऱ्याच मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, हे कितीजणांना माहीत आहे? ॲप टाकलं की आकडा दिसतो. मुलाला घेऊन तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेलो, दाब एक हेक्टोपास्कलहून (हे दाबाचं एकक) थोडा अधिकच घटला. साधारण आठ मीटरला एक, असा हिशोब बसतो. मुलगा दिवसभर जिना चढत-उतरत होता.

एक शंका. आम्ही दोन महिने दाब लिहून ठेवला. रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो, रात्री परत चढतो. आकाश निरभ्र असलं तरी तेच. सेन्सर बिघडलाय का?

मोजपट्टी
@तिसरा_मजला, शंकेचं उत्तर जाणकार देतीलच. दाबाचा विषय निघालाच आहे तर एक तक्रार मांडते. बरणीच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून, त्यावर काडी चिकटवून केलेला 'बॅरोमीटर' सगळ्या प्रकल्पांत असतो. मी तो वर्गात मोठ्या हौसेने केला. काडी छान वर-खाली व्हायची, मुलं अंदाज वर्तवायची. एका मुलाने बरणीला दोन्ही हात लावले आणि काडी सर्रकन हलली.

बरणीतली हवा एक अंश तापली तरी आतला दाब सुमारे साडेतीन हेक्टोपास्कलने वाढू पाहतो. बाहेरच्या हवेचा दाब एरवी दिवसभरात तेवढाच बदलतो. म्हणजे आम्ही महिनाभर थर्मामीटरच वाचत होतो. मुलांना तसंच सांगितलं. मग सगळ्यांनी मिळून बरणी जाड थर्मोकोलच्या पेटीत ठेवून पाहिली, थोडं सुधारलं. हा फसलेला प्रयोग माझ्या सगळ्या तासांपैकी सर्वांत चांगला तास ठरला, हे मी मनापासून लिहिते आहे.

दर्यावर्दी
@तिसरा_मजला, तुमचा फोन ठणठणीत आहे. उष्ण कटिबंधात दाबाला रोज दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. सूर्य वातावरणाचे वरचे थर तापवतो, त्याची ही लाट. दहा वाजता चढ, चार वाजता उतार, दिवसा आणि रात्रीही. तुमच्या मुलाने ती स्वतः शोधून काढली, त्याचं कौतुक करा.

आम्हाला जहाजावर हे पहिल्याच वर्षी शिकवतात, कारण यावर जीव अवलंबून असतो. रोजची चढ-उतार वजा केल्यावर दाब नेहमीपेक्षा तीन हेक्टोपास्कल खाली दिसला तर सावध व्हायचं. पाच खाली गेला तर जवळपास चक्रीवादळ आहे असंच धरून चालायचं. मी एकदा दाबमापकाची सुई अशी उतरताना पाहिली आहे. वारा अजून फारसा नव्हता, आकाशात फक्त वरचे तंतुमेघ (सिरस) एका दिशेने पसरलेले आणि समुद्राला लांब, संथ, जड लाटा. जहाजावर कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. कप्तानांनी मार्ग वळवला आणि आम्ही वादळाची फक्त कड पाहिली. तेवढी पुरे झाली.

मुलांना बाइज बॅलट यांचा नियमही शिकवा. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला. मैदानात सगळ्या वर्गाला उभं करा, डावे हात पसरायला लावा. मोकळ्या जागी मात्र, इमारतींच्या मध्ये वारा फसवतो.

रिकामी_बाटली
हे वाचून अंगावर काटा आला. माझा भाचा विचारतो, उत्तर गोलार्धात बेसिनमधलं पाणीही म्हणून डावीकडे फिरतं का?

भौतिकवेडा
नाही! ही समजूत मोडायलाच हवी. बेसिन इतकं लहान असतं की पाणी कसं ओतलं आणि भांड्याचा आकार कसा आहे, यावरच ते ठरतं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम शेकडो किलोमीटरच्या पसाऱ्यात दिसतो. विषुववृत्तापासून पाच अंशांच्या आत चक्रीवादळं जवळजवळ कधीच तयार होत नाहीत, कारण तिथे हा परिणाम फार क्षीण असतो. भाच्याला गोल फिरणाऱ्या पाळण्यावर बसवा आणि समोरच्याकडे चेंडू फेकायला सांगा.

लेकीची_आई
मला थोडं वेगळं विचारायचं आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि गडगडायला लागलं की पलंगाखाली जाते. शाळेत कोणीतरी वीज पडून झालेल्या अपघाताचा व्हिडिओ दाखवला, तेव्हापासून हे सुरू झालं. आता ढग आले तरी रडू येतं. निळाईताई, तुम्ही व्हिडिओबद्दल जे लिहिलंत ते मला फार लागलं. अशा मुलांसाठी तुमच्या दहा तासांत काही असेल का?

जुनी_वही
@लेकीची_आई, तिला मोजायला शिकवा. वीज दिसली की एक, दोन, तीन… गडगडाट ऐकू येईपर्यंत. सेकंदांना तीनने भागलं की अंतर किलोमीटरमध्ये. प्रकाश लगेच पोचतो, आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात.

आणि गडगडाट म्हणजे काय तेही सांगा. वीज ज्या वाटेने जाते तिथली हवा क्षणात तीस हजार अंशांच्या आसपास तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ पाचपट. ती एकदम फुगते, तोच आवाज. ढग कोणावर आपटत नाहीत. तो लांबलचक का गडगडतो? कारण वीज काही किलोमीटर लांब असते, तिचं एक टोक आपल्या जवळ असतं, दुसरं लांब. जवळचा आवाज आधी येतो, लांबचा नंतर.

आभाळवेडी
फक्त मोजून थांबू नका हो. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, ताबडतोब पक्क्या घरात जायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. खरं तर आवाज ऐकू आला की आत, हाच नियम मुलांसाठी बरा. झाडाखाली कधीच नाही.

मोकळ्यावर सापडलो तर उकिडवं बसावं म्हणतात ना?

भौतिकवेडा
उकिडवं बसल्याने सुरक्षित होतो असं मुलांना मुळीच शिकवू नका. त्यात वेळ जातो आणि खोटा धीर येतो. आसरा गाठायचा, हेच खरं. आडवं तर अजिबात पडायचं नाही, कारण वीज जमिनीतून पसरते आणि शरीराची दोन टोकं जितकी लांब तितका विजेचा दाब जास्त. झाडाखालची गुरं म्हणूनच एकदम दगावतात, त्यांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात. बंद मोटारीत सुरक्षित असतो तो धातूच्या सांगाड्यामुळे, टायरच्या रबरामुळे नाही.

मोजपट्टी
अवांतर: माझ्या वर्गातला प्रश्न. "बाई, ढगाचं वजन किती?" मी म्हटलं काढूया. एक घन किलोमीटरचा साधा पुंजमेघ (क्युम्युलस), घनमीटरमागे अर्धा ग्रॅम पाणी धरलं तर पाचशे टन! पुढचा प्रश्न लगेच आला, "मग पडत का नाही?" एक थेंबुकला मिलिमीटरचा पन्नासावा भाग असतो, तो सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली येतो आणि वर चढणारी हवा त्याला सहज उचलून धरते. त्यावर मागच्या बाकावरून: "म्हणजे पडतोय, पण पोचत नाहीये." इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

पडलेली_झाडं
एवढी चर्चा झाली आणि फुजितांचं नाव नाही? माझा आवडता तास त्यांच्यावर आहे.

टेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये टोर्नेडोची श्रेणी मांडली, ती निळाईताईंच्या मुलांना पाठ आहेच. पण ती वाऱ्याचा वेग मोजून ठरत नाही, पडझड पाहून ठरते. म्हणजे हे काम गुप्तहेराचं आहे. ३ आणि ४ एप्रिल १९७४ या दोन दिवसांत अमेरिकेत आणि कॅनडात मिळून १४८ टोर्नेडो झाले. फुजितांनी विमानातून ती सगळी पडझड पाहिली. काही ठिकाणी झाडं भोवऱ्यासारखी पडली नव्हती, एका मध्यापासून चहूकडे पडली होती. तशी रचना त्यांनी १९४५ मध्ये अणुबाँबनंतरच्या नागासाकीत पाहिली होती. टोर्नेडो हवा आत ओढतो, मग ही झाडं बाहेर कोणी ढकलली? ढगातून खाली कोसळणाऱ्या थंड हवेने. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना एक विमान कोसळलं, त्याच्या तपासात त्यांनी हेच कारण मांडलं. अनेक तज्ज्ञांना ते पटलं नव्हतं. पुढे रडारने ते दाखवून दिलं आणि विमानतळांवर इशारे देणाऱ्या यंत्रणा आल्या.

वर्गात मी दोन कागद देतो, दोन्हींवर पडलेल्या झाडांचे बाण. एकावर बाण वळत वळत आत येतात, दुसऱ्यावर एका ठिकाणाहून बाहेर जातात. कुठे काय झालं ते सांगा. मुलं भांडतात, पुरावे दाखवतात. यात एकही भयानक चित्र लागत नाही.

निळाई
पडलेली_झाडं, हा तास मी जसाच्या तसा घेणार आहे. परवानगी आहे ना?

पडलेली_झाडं
त्यासाठीच लिहिला. दोन्ही कागदांवर थोडी झाडं मुद्दाम चुकीच्या दिशेची ठेवा.

अंदाजपत्रक
एक बाजू राहून गेली. मुलं घरी ऐकतात, "हवामानखात्याचं काय खरं असतं?" यावर एक तास हवाच.

२० मार्च १९४८ ला अमेरिकेतल्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडोने मोठं नुकसान केलं. तळावरच्या फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी त्या दिवशीची हवामानस्थिती जुन्या नोंदींशी ताडून पाहिली. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, तशीच स्थिती पुन्हा जुळून आली. तोवर सरकारी अंदाजात टोर्नेडो हा शब्दच टाळला जाई, लोक घाबरतील म्हणून. या दोघांनी इशारा दिला, विमानं आत घेतली आणि संध्याकाळी टोर्नेडो खरोखर तळावरून गेला. मुलांना मधेच थांबवून विचारा: तुम्ही इशारा दिला असता का? खोटा ठरला असता तर?

मग एडवर्ड लॉरेन्झ यांची गोष्ट. १९६१ मध्ये त्यांनी संगणकात ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ भरला आणि दोनेक 'महिन्यांत' त्या गणितातलं हवामान पार वेगळं निघालं. दहा दिवसांपुढचा अंदाज डळमळीत का, हे यातून कळतं. 'सत्तर टक्के शक्यता' म्हणजे असे दहा अंदाज दिले तर सात वेळा पाऊस. जुनी_वही यांच्या वहीत अंदाज आणि प्रत्यक्ष असे दोन रकाने वाढवा आणि महिनाभराने मुलांनाच मोजू द्या.

दर्यावर्दी
आणि इशाऱ्याने काय होतं ते आकड्यांत दाखवा. आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर १९७० च्या चक्रीवादळात तीन लाख किंवा त्याहून जास्त माणसं गेली. १९९१ मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार. २००७ च्या सिद्र वादळात साधारण साडेतीन हजार. किनारा तोच, वादळं तिन्ही भीषण. मधल्या काळात काय बदललं? निवारे बांधले गेले, उपग्रह आले आणि गावोगाव जाऊन भोंग्यावर इशारा देणारे स्वयंसेवक तयार झाले. बहुतेक माणसं वाऱ्याने नाही, आत घुसलेल्या समुद्राच्या पाण्याने जातात, हेही सांगा.

वादळाच्या डोळ्याबद्दल, म्हणजे त्याच्या मधल्या शांत भागाबद्दलही सांगा. १९२६ मध्ये मायामीत वादळाचा डोळा आला, वारा पडला, लोक रस्त्यावर आले. थोड्या वेळाने उलट दिशेने तेवढाच वारा सुरू झाला आणि कितीतरी माणसं उघड्यावर सापडली.

अनाहूत
(प्रतिसाद काढून टाकला आहे.)

निळाई
चार आठवडे झाले, सांगायला परत आले आहे.

पहिला तास जुनी_वहींचा. बारा गटांना बारा तापमानं मिळाली, नऊ अंशांचा फरक! एकाने थर्मामीटर काळ्या दप्तरावर ठेवला होता. दुसऱ्या तासाला धातूच्या पेल्यात पाणी घेतलं, बर्फ घालत ढवळत राहिलो आणि पेला बाहेरून धुकट होताच तापमान लिहिलं. हा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं. अर्ध्या वर्गाचं म्हणणं, पाणी पेल्यातून झिरपलं. मग एका मुलीने आतलं पाणी लाल केलं आणि बाहेरचा थेंब पांढऱ्या कागदाला टिपला. तिला मी काहीही सुचवलं नव्हतं. तिसऱ्या तासाला भौतिकवेडा यांचं गणित. सत्तर लाखांवर एक मुलगा उभाच राहिला.

चौथ्या तासाला झाडांचे बाण वाटले आणि बाहेर गडगडलं. मी काही बोलायच्या आत सगळा वर्ग मोठ्याने मोजायला लागला. पहिल्या विजेला एकवीस, पुढच्या विजेला पंधरा. मैदानावर दुसऱ्या तुकडीचा खेळाचा तास चालू होता. आमची दोन मुलं धावत जिन्यापर्यंत गेली आणि तिथूनच ओरडली, "पाच किलोमीटर! आत या!" ती तुकडी आत आली.

वहीत आतापर्यंत तीन चौकटी रिकाम्या आहेत. एकीखाली लिहिलंय, "आजारी होते, आकाश पाहिलं नाही."

लेकीची_आई
काल रात्री आमच्याकडेही विजा होत्या. लेक पलंगाखाली गेली, पण तिथून मोजत होती. थोड्या वेळाने डोकं बाहेर काढून म्हणाली, "आई, चौदा भागिले तीन किती गं?"

जुनी_वही
साडेचारच्या पुढे. तिला तारीख आणि वेळही लिहून ठेवायला सांगा.